मानाचा मधला तुकडा

मुदखेड जंक्शनवर मी एकतीस वर्षं गाड्यांची चाकं ठोकली. गाडी थांबली की लांब दांड्याचा हातोडा घ्यायचा, एका बाजूने चालत जायचं आणि प्रत्येक चाकावर एक टोला द्यायचा. चांगलं चाक घंटेसारखं वाजतं. तडा गेलेला असला तर आवाज बसका येतो. एवढंच माझं काम. लिहिण्याचं म्हणाल तर रजेचे अर्ज सोडून मी फारसं काही लिहिलेलं नाही, आणि हेही नीट जमेल असं वाटत नाही. पण शहजादीबीबद्दल कुणीतरी लिहून ठेवायला पाहिजे, आणि सगळं जवळून पाहिलेला माणूस मी एकटाच आहे.

शहजादीबीची बेकरी आमच्या गल्लीच्या तोंडाशी. पुढे पाव, खारी, टोस्टचं दुकान, मागे विटांची जुनी भट्टी आणि भट्टीला लागून घर. घराच्या स्वयंपाकघराची आणि भट्टीची भिंत एकच आहे. लग्न होऊन ती आली तेव्हा तिचे मालक खाजामियाँ तिला भट्टीपुढे येऊ देत नसत. ते बाईमाणसाचं काम नव्हे, असं त्यांचं म्हणणं. ती चुलीपाशी भाकरी करता करता मधूनच भिंतीवर तळवा टेकवायची. पलीकडे पाव आत गेला, टोस्ट बाहेर आला, हे तिला फावड्याच्या आवाजावरून कळायचं आणि त्या वेळी भट्टी किती तापलेली आहे हे तळव्याला कळायचं. असं वीस वर्षं चाललं. तिला कुणी शिकवलं नाही आणि ती शिकते आहे हे कुणाला कळलं नाही.

खाजामियाँ गेले आणि महिनाभरात भट्टीवरचा कारागीरही हैदराबादला निघून गेला. गल्लीत सगळे म्हणाले, बेकरी संपली. नवऱ्यामागे घरात बसायचे इद्दतीचे चार महिने दहा दिवस संपले त्याच आठवड्यात शहजादीबीने पहाटे भट्टी पेटवली. पहिल्या घाण्यातला एक पाव करपला नाही की एक कच्चा राहिला नाही. मी सकाळी चहासोबत टोस्ट खायला तिच्या बाकड्यावर बसतो. त्या दिवशी मी तिला विचारलं की हे जमलं कसं. तिने नुसता उजवा तळवा पुढे केला. मी त्या तळव्याकडे बघत राहिलो. चाकाच्या पोटातलं कळण्यासाठी मला हातोडा लागत होता. हिला भिंतीपलीकडचं नुसत्या हाताने कळत होतं.

आता केकची गोष्ट.

शेषेराव हे माझे जुने स्नेही. त्यांचं गाव मुदखेडहून अर्ध्या तासावर, गुलाबाची आणि गलांड्याची शेती. फुलांच्या टोपल्या घेऊन ते पहाटे स्टेशनावर यायचे, तेव्हापासूनची ओळख. त्यांच्या घरात एक रीत आहे. कलिंगड कापलं की मधला बिनबियांचा लाल गाभा घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला द्यायचा. लेकरं कितीही रडली तरी गाभा त्यांना मिळत नाही. त्या घरात मोठं माणूस म्हणजे शेषेरावांच्या आई केवळाबाई. नव्वदी ओलांडलेली, तोंडात दात नाही, गळ्यात तुळशीची माळ.

शेषेरावांना जुळे नातू झाले, सत्यम आणि शिवम. पहिल्या वाढदिवसाला सगळ्या गावाला जेवण द्यायचं ठरलं. त्यांची सून उज्वला नांदेडची. तिला दोनशे माणसांना पुरेल असा एकच अखंड केक पाहिजे होता, लहान केक जोडून केलेला नको. माझ्या सांगण्यावरून ती शहजादीबीकडे आली. आजींच्या माळेमुळे अंडं चालणार नाही, हे तिने सांगितलं. वर नाव लिहू नका, मधोमध फक्त एक गुलाब काढा, कलिंगडाच्या गाभ्यासारखा तो मधला तुकडा आजींचा, हेही सांगितलं.

शहजादीबीने तोवर किलो-दोन किलोचेच केक केले होते. तिने साधा विचार केला. माल वाढला, साचा वाढला, तर विस्तवही वाढवायचा. केक बाहेर आला तेव्हा वरून सोन्यासारखा दिसत होता. तिने अंगणात आणून तो मला दाखवला आणि बघायला मी त्याच्याभोवती एक फेरी मारली, इतका तो मोठा होता. टेम्पोत त्याच्याबरोबर मीच गेलो.

शहजादीबीने साच्याबरोबर दिलेली सुरी लेकरांच्या हातात देऊन फोटो झाले. मग उज्वलाने मधला तळहाताएवढा तुकडा काढून पितळेच्या ताटलीत ठेवला आणि ताटली माझ्या हातात दिली. तिला पुन्हा फोटोला बोलावत होते. ओसरीवर केवळाबाई बसल्या होत्या तिथवर मी चालत गेलो आणि जाता जाता पाहिलं, तुकड्याच्या पोटातून पिठाचा घोळ ताटलीत उतरत होता. मधे सगळं कच्चं होतं. केवळाबाईंनी बोट लावून पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी ताटली मागे घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"गप ऱ्हा माणिकप्पा," त्या म्हणाल्या. "केलेल्या बाईचं मन मोडंल."

त्यांनी ताटलीवर पदर घेतला आणि तो सगळा तुकडा, खाली उतरलेल्या घोळासकट, बोटाने निपटून खाल्ला. कुणी विचारलं तर ग्वाड हाय म्हणाल्या. मी परत गेलो आणि मधल्या खड्ड्याभोवतीचा ओला भाग सुरीने खरवडून पत्रावळीत गुंडाळून टाकला. बाकी केक चांगला होता. लोकांनी वाखाणून खाल्ला. केवळाबाई पुढे दोन दिवस पोट धरून झोपून होत्या, हे मला शेषेरावांकडून नंतर कळलं. आईला नेमकं काय बाधलं हे त्यांनाही माहीत नव्हतं.

साचा आणि सुरी शहजादीबीला परत द्यायला मीच गेलो. आजींना आवडला का, असं तिने विचारलं. मी म्हणालो, लई आवडला. तिने सुरी उचलली. पात्यावर वाळलेल्या खळीसारखा पांढरा थर होता. तिने तो नखाने खरवडला, चिमटीत चुरला, आणि सुरी धुवायला आत गेली. मला वाटलं, सुटलो.

त्यानंतर तिने गिऱ्हाइकांपुढे मोठ्या केकचं नाव काढलं नाही. जुळ्यांच्या दुसऱ्या वाढदिवसाला नांदेडहून क्रीमचा छोटा केक आला. शहजादीबी मात्र दर पंधरा दिवसांनी, टोस्ट निघाल्यावर, त्याच मोठ्या साच्यात बिनअंड्याचा केक घालून बघत होती. तिचा मुलगा शारिक आधी हसायचा, मग चिडायचा. विजेचं ओव्हन घेऊ, त्यात आकडा लावला की काम झालं, असं त्याचं म्हणणं. ओव्हनलाही मधलं कळत नाही, ते बाहेरूनच तापवतं, एवढंच ती म्हणायची. मी पण अंडं खात नाही, म्हणून मधला तुकडा चाखायला मला मिळायचा. पण माझ्या तोंडाकडे ती बघायची नाही. मी घास घेत असलो की ती सुरी उजेडात धरून बघायची. एकदा मी चांगला झालाय म्हणालो, तर ती हसून म्हणाली, "भाऊ, तुम्ही चांगलंच म्हणता. सुरी खरं बोलते."

तेव्हाही मला कळलं नाही.

त्या दोन वर्षांत तिने काय काय काढलं ते सांगतो. मला त्यातलं अर्धंच समजलं असेल. मोठ्या केकला जास्त विस्तव नको, कमी पाहिजे आणि वेळ जास्त पाहिजे, हे आधी तिच्या लक्षात आलं. कडेचा माल लवकर शिजून घट्ट होतो, मग तोच मधल्याची वाट अडवतो. म्हणून ती पाव आणि टोस्ट निघेपर्यंत थांबायला लागली. भट्टीच्या फरशीवर चिमूटभर मैदा टाकायचा आणि तो तांबूस व्हायला किती वेळ लागतो ते मोजायचं. सावकाश तांबूस झाला तरच केक आत. मग कडेला थंड ठेवायची युक्ती काढली. माझं एक जुनं धोतर तिने मागून नेलं, त्याच्या पट्ट्या फाडल्या, भिजवून चार पदरी केल्या आणि साच्याच्या बाहेरून गुंडाळल्या. ओल्या पट्टीमुळे कड थांबते आणि मधल्याला बरोबर यायला सवड मिळते. पुढच्या माणसाने मागच्याची वाट बघावी तसं. हे ती सांगायची तेव्हा एवढं सोपं वाटायचं की आपल्याला का सुचलं नाही असं वाटावं.

तरी मधे चार बोटं जागा चिकट राहायचीच. शारिकने मोबाइलवर बघून सांगितलं की मधोमध लोखंडाचा पोकळ डबा ठेवतात. डब्यात थोडा माल भरायचा. लोखंडामुळे आत ऊब पोचते आणि डबा काढल्यावर त्यात भाजलेला गोळा त्याच खड्ड्यात बसवायचा. सगळीकडे असंच करतात म्हणे. शहजादीबीने ऐकून घेतलं आणि नाही म्हणाली. जो तुकडा आजींना द्यायचा तिथेच ठिगळ लावायचं का, असं तिने विचारलं. शारिकने मोबाइल खिशात टाकला.

मला ते ऐकून काहीतरी सुचलं होतं, पण आपण सांगावं का, ह्यात माझे आठ दिवस गेले. मग सांगितलं. मधे एक जाड लोखंड ठेवण्याऐवजी मधल्या जागेच्या भोवती बारीक सळया उभ्या केल्या तर? ऊब पोचेल आणि मानाच्या तुकड्याला भोकही पडणार नाही. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी लगेच म्हणालो, जाऊ द्या. पण ती त्याच दिवशी मला घेऊन वेल्डिंगवाल्याकडे गेली. खाली चपटी टिकली आणि वर पेन्सिलीएवढी सळई, अशा सहा सळया करून घेतल्या. तूप लावून साच्यात गोल उभ्या करायच्या आणि वरून माल ओतायचा. त्या दिवशी सुरी पहिल्यांदा जवळजवळ कोरडी निघाली.

एक गोष्ट राहिली होती. मधे शिजलं की नाही हे बघायला सगळे काडी टोचतात. शहजादीबीला मधला तुकडा टोचायचाही नव्हता. मग कळणार कसं? हे तिने शोधलं ते आठवलं की आजही माझ्या अंगावर काटा येतो. एकदा साचा बाहेर ओढून ती वाकून वास घेत होती आणि तशीच थांबली. मग तिने मला बोलावलं आणि कान लावायला सांगितलं. केक बोलत होता. तव्यावर पाण्याचा थेंब पडून विरत जावा तशी बारीक चरचर. कडेला गप्प, मधे चालू. कच्चा असतो तोवर मोठ्याने बोलतो, शिजत आला की कुजबुजतो. अगदी गप्प झाला की उशीर झाला, मग तो कोरडा होतो. कुजबुज विरता विरता काढायचा. मी जन्मभर लोखंडाला टोला मारून विचारत आलो, तुझ्या पोटात काय आहे. ही न विचारता ऐकत होती.

जुळ्यांचा तिसरा वाढदिवस आला तेव्हा केवळाबाई खाटेवरून फारशा उठत नव्हत्या. दोन घास पेज, तेवढंच. हे मी बाकड्यावर बसून बोललो आणि शहजादीबीने हातातलं काम ठेवलं. त्याच दुपारी ती माझ्याबरोबर शेषेरावांच्या घरी आली. तिने ओसरीवर बसून सांगितलं की मला आजींसाठी एक केक करायचाय, तेवढाच मोठा, कुणी काही देऊ नका. शेषेराव घुटमळले. आईला आता पचेल का, हे त्यांच्या तोंडावर होतं. आतल्या खाटेवरून केवळाबाईंचा आवाज आला, "करू दे की रं तिला. म्या हाय अजून." परतताना जीपमध्ये शहजादीबी एवढंच म्हणाली की आजींच्या जिवात जीव आहे तोवर एकदा नीट झाला पाहिजे. दुसरी संधी मिळायची नाही, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

वाढदिवसाच्या सकाळी आठ वाजता केक आत गेला. टेम्पो दारात उभा होता. अकराच्या सुमाराला तिने साचा भट्टीच्या तोंडाशी ओढला. वरून रंग आला होता. शारिकने घड्याळ दाखवलं आणि झालाय म्हणाला. जेवणाची वेळ साडेबाराची होती. शहजादीबी वाकून ऐकत होती. बराच वेळ वाकून होती. मग ती सरळ झाली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. दोन वर्षांत तिला मी असं पाहिलं नव्हतं.

"मला काही कळंना," ती म्हणाली. "आज माझ्या कानाला जे पाहिजे तेच ऐकू येतंय. भाऊ, तुम्ही ऐका. आणि या बारीला खरं सांगा."

मी उभा राहिलो, पण भट्टीकडे पाऊल उचललं नाही. या बारीला. म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ज्या सुरीने मी ते खरवडलं होतं तीच मी तिच्या हातात नेऊन दिली होती, आणि वर लई आवडला म्हणालो होतो. दोन वर्षं ती मला मधला तुकडा खाऊ घालत होती आणि एका शब्दाने बोलली नव्हती.

माझा उजवा कान नोकरीतच गेला. मी डावा कान केकवर धरला. भट्टीची धग गालाला लागत होती. कडेला काही नव्हतं. मधे आधी काहीच ऐकू आलं नाही, आणि झालाय म्हणून सांगावं असं फार वाटलं, सगळे माझ्याकडे बघत होते. मी श्वास धरून थांबलो. मग आलं. गाडी अजून दिसत नाही पण रूळ आधीच गुणगुणायला लागतात, तसं, अगदी लांबून.

"अजून बोलतोय," मी म्हणालो.

शारिकने कपाळाला हात लावला. शहजादीबीने साचा परत आत ढकलला. पाच मिनिटं झाली, मग सात. तिने पुन्हा ओढला, मी पुन्हा ऐकलं. आता नुसता सुस्कारा होता, झोपलेल्या लेकराचा असतो तसा. मी होकाराची मान हलवली. तिने स्वतः कान लावला, आणि डोळे मिटूनच म्हणाली, "हाव. आता."

केक निवल्यावरच टेम्पोत ठेवला, म्हणून आम्ही पोचलो तेव्हा पंगत खोळंबली होती. शहजादीबीने सळया एकेक करून ओढून काढल्या आणि मधल्या जागेवर गुलाब काढला. गुलाब चांगला आला. केवळाबाईंची खाट ओसरीवर आणली होती. उज्वलाने मधला तुकडा काढला आणि ताटली मला दिली. मी ती शहजादीबीच्या हातात ठेवली.

तुकड्याची कापलेली बाजू माझ्या डोळ्यांसमोर होती. खालपासून वरपर्यंत एकच रंग, एकच जाळी. मी मागे वळून कडेचा तुकडा पाहिला. तो आणि हा, कुठला कुठला ते सांगता आलं नसतं. अडीच फुटांचा साचा, तीन तासांपेक्षा जास्त वेळ आगीत, आणि आग मधोमध पोचली होती ती कडेइतकीच, जास्त नाही की कमी नाही. हे माणसाच्या हातून होतं याचं मला आजही नवल वाटतं.

केवळाबाईंनी बोटाने दाबून पाहिलं. बोट काढल्यावर खळगा भरून आला. त्यांनी शहजादीबीकडे पाहिलं.

"तवाचा बी ग्वाडच हुता गं," त्या म्हणाल्या.

"आजी, सुरी माझ्याकडंच परत आली होती," शहजादीबी म्हणाली.

केवळाबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग बिनदाताचं तोंड भरून हसल्या, आणि त्यांनी त्या तुकड्याचे दोन भाग केले. हाताला जोर नव्हता, तरी तो सहज मोडला.

"मंग ह्यातला अर्धा तू खा," त्या म्हणाल्या. "मागच्या बारीला म्या एकलीनंच खाल्ला."

त्या घरात मधला तुकडा वाटून खाल्लेला मी कधी पाहिला नव्हता, शेषेरावांनीही नाही. शहजादीबी खाटेच्या कडेला बसली. दोघी हळूहळू खात होत्या, एक दात नसल्यामुळे, आणि दुसरी प्रत्येक घास आधी उजेडात धरून बघत होती म्हणून. केवळाबाईंनी त्यांचा अर्धा सगळा संपवला.

मी उरलेला केक कापून पंगतीला वाढला. सुरीवर दोन-चार कोरडे कण होते, बाकी पातं लख्ख. उज्वला ती धुवायला मागत होती. मी दिली नाही. तशीच फडक्यात गुंडाळली आणि शहजादीबीच्या टोपलीत ठेवली.